कंट्रोलच्या पिल्लांनी काय खाल्लं होतं

पीएचडीचं तिसरं वर्ष, मे महिना, बाहेर ४५ च्या वर ऊन आणि मी नागपुरातल्या एका लॅबमध्ये सकाळी सातपासून रॅटच्या पिल्लांची गर्भाशयं तोलत बसलेले. विषय जवस. आपण विदर्भात चटणी करून खातो तेच. त्यात लिग्नान नावाची द्रव्यं असतात, आतड्यातले बॅक्टेरिया त्यांचं एन्टेरोलॅक्टोन बनवतात आणि ते शरीरात थोडंफार इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे बायकांच्या हार्मोनसारखं, वागतं. मला ते माझ्या अर्कात दाखवायचं होतं.

टेस्ट जुनी आणि सरळ आहे. २१ दिवसांच्या माद्या घ्यायच्या, त्यांचं स्वतःचं इस्ट्रोजेन अजून सुरू झालेलं नसतं, तीन दिवस डोस द्यायचा, चौथ्या दिवशी गर्भाशय काढून टिपून तोलायचं. इस्ट्रोजेन मिळालं असेल तर ते फुगतं, नाहीतर आमच्याकडे ३० मिलीग्रॅमच्या आसपास यायचं. ट्यूबवर फक्त कोड नंबर. पहिलं वजन ४९, दुसरं ५२, तिसरं ४८, आणि मी तर मनात थिसिसचं चॅप्टर लिहायला पण घेतलं. मग कोड उघडला तर हे सगळे कंट्रोलचे! ज्यांना नुसतं कॉर्न ऑइल पाजलं होतं ते. जवसवाले पण तेवढेच. पोटात गोळाच आला.

आधी संशय पिंजऱ्यांवर. १९९८ साली अमेरिकेत एका लॅबमध्ये चुकीच्या डिटर्जंटने पॉलिकार्बोनेटचे पिंजरे धुतले, त्यातून बिस्फेनॉल ए हे प्लास्टिकमधलं, इस्ट्रोजेनसारखंच वागणारं रसायन सुटलं आणि उंदरांच्या अंड्यांमधली क्रोमोसोम बिघडली, हे मी वाचलेलं. मग काय, सगळे पिंजरे उजेडात धरून बघत बसले, कुठे धूसर झालेत का म्हणून. काही नाही, छान पारदर्शक.

तेवढ्यात अ‍ॅनिमल हाऊसचे काका फीड भरायला आले. उमरेडकडचे, घरी शेती, दोन म्हशी. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं मॅडम?" मी सांगितलं. त्यांनी पेलेट बोटांत चुरलं, नाकाशी नेलं, "मी तर त्याच दिवशी म्हणणार होतो, याले ढेपीचा वास येऊन रायला ना."

"कशाची ढेप?"

"सोयाबीनची. आमी म्हशीले टाकतो ना तेच."

नेहमीचं फीड त्या महिन्यात आलंच नव्हतं, म्हणून एक लोकल पोतं आणलेलं. लेबलवर प्रोटीन २२ टक्के एवढंच, कशाचं प्रोटीन ते नाही, आणि मी पण विचारलं नाही. चूक माझीच. तेल काढून घेतलं की ढेपेत काय उरतं असं वाटतं, पण सोयाचे आयसोफ्लेव्होन, म्हणजे इस्ट्रोजेनची नक्कल करणारी द्रव्यं, तेलात जातच नाहीत जवळपास, ते ढेपेतच राहतात. त्यातलं जेनिस्टाइन स्टेरॉइड नाहीच, पण त्याच्या दोन टोकांचे ओएच गट इस्ट्राडायोल या शरीरातल्या मुख्य इस्ट्रोजेनसारख्याच अंतरावर बसतात, म्हणून रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं इस्ट्रोजेन ओळखणारं प्रोटीन, फसतो. त्याचे दोन प्रकार, अल्फा आणि बीटा. खरं तर ते १९९६ मध्ये सापडलेल्या बीटा रिसेप्टरला जास्त घट्ट धरतं, आणि गर्भाशयात जास्त असतो अल्फा, पण रोज पोटभर खायला घातलं तर अल्फा तरी किती दिवस गप्प बसणार.

दुपारीच पेलेट दळून, अ‍ॅसिडने आयसोफ्लेव्होनला चिकटलेली साखर तोडून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर, टाकलं. डायड्झाइन आणि जेनिस्टाइन, सोयाचे दोन्ही आयसोफ्लेव्होन, शुद्ध नमुन्याच्या (स्टँडर्डच्या) अगदी डोक्यावर डोकं ठेवून दोन उंच पीक. हिशेब आला ग्रॅमला ४८० मायक्रोग्रॅम. या टेस्टच्या गाइडलाइनमध्ये फीडमधल्या अशा द्रव्यांची मर्यादा ३५० ची आहे, आणि ती गाइडलाइन माझ्या टेबलावर स्पायरल करून ठेवलेली!

सरांना सांगितलं तर ते रागावले नाहीत, त्यानेच जास्त लाज वाटली. एवढंच म्हणाले, "सिनॉप्सिसमध्ये मेंढ्यांवर अर्धं पान तूच लिहिलंस ना?" लिहिलं होतं. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाच्या चाऱ्यावर चरणाऱ्या मेंढ्या गाभणच राहीनात, क्लोव्हरमधलं फॉर्मोनोनेटिन हे आयसोफ्लेव्होन त्यांच्या पोटात जाऊन इक्वॉल, म्हणजे इस्ट्रोजेनसारखं वागणारं द्रव्य, होत होतं.

बॅच गेली, सहा आठवडे गेले, नवीन फीड बिनसोयाचं मागवलं.

संध्याकाळी काका दारात, हळूच, "मॅडम, उरलेलं पोतं फेकूनच देता ना? मग आमच्या म्हशीले नेऊ का? एक गाभण आहे."

ढेप तर सगळेच घालतात म्हशींना, काही होत नाही. पण मी नाहीच म्हटलं.