टाकीखालचा परीट

गोव्यात चवथ आटोपते, गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी उतरते, पाऊस मात्र अजून जायचे नाव घेत नसतो. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या इमारतीच्या गच्चीवर, टाकी ओसंडून शेवाळ धरलेल्या कोपऱ्यात, करडा परीट हा पक्षी हजर होतो. पाठ राखाडी, पोट पिवळे, शेपटी शिवणयंत्राच्या सुईसारखी सतत वरखाली. तुरुतुरु धावतो, थबकतो, शेवाळातला किडा टिपतो, पुन्हा धावतो. हिमालयात किंवा त्याही पलीकडे एखाद्या खळाळत्या ओढ्याकाठी उन्हाळा काढून आलेल्या या पाहुण्याला गळकी टाकी चालते, याचे मला दरवर्षी नवल वाटते. प्लंबरला बोलवायचे मग लांबणीवर पडते.

पक्षी बघायचे तर चोडण बेटावर जायचे, असा आपल्याकडे समज. जावेच. रायबंदरहून फेरीबोट धरली की पलीकडे उतरताच सलीम अली पक्षी अभयारण्य. १९८८ साली जाहीर झालेले, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे, सगळी खारफुटी. मात्र ओहोटीची वेळ साधायला हवी. चिखल उघडा पडला की तुतवार आणि त्याचे भाऊबंद चोची खुपसत फिरू लागतात. सगळे तपकिरी, सगळे घाईत. कोण कुठला हे ठरवण्यात पुस्तक चाळणाऱ्यांची सकाळ जाते. मी तो नाद सोडला आहे. बदकांचे तसे नाही. करमळीच्या तळ्यावर तलवार बदक उतरले, की नराचे चॉकलेटी डोके आणि टोकदार लांब शेपूट लांबूनही लपत नाही. तळे मुळात शेतीच्या पाण्यासाठी राखलेले, शेजारून कोकण रेल्वे जाते. सायबेरिया, मध्य आशियाकडून आलेली बदके गाडीच्या भोंग्याने जागची हलतही नाहीत.

पण खरी गर्दी असते ती बाजारात, डोक्यावर. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसू लागतात. निळसर काळी पाठ, तांबूस गळा, दुभंगलेली शेपटी, वजन विसेक ग्रॅम. दिवसभर शेतांवर आणि खाडीकाठच्या खाजन जमिनींवर उडते किडे गट्टम करायचे आणि तिन्हीसांजेला गावात मुक्कामाला यायचे. तेव्हा जागेवरून त्यांची जी भांडणे लागतात, ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारालाही ऐकू जावीत.

मी मान वर करून उभा राहिलो, की किराणा दुकानदार हटकून बाहेर येतो.

“कितें पळयता? वायर तुटल्या?”

मी भिंगऱ्या दाखवतो. कुठून येतात, कशा येतात, सगळे सांगतो. तोही मान वर करून नीट बघतो. मग खाली माझ्या स्कूटरकडे.

“मागीर हांगा गाडी दवरूं नाका.”