आमची वाटचाल : प्रवेशाच्या नोंदवहीपासून परिशिष्ट ‘क’पर्यंत

लातूरमध्ये गंजगोलाईजवळच्या एका डाळीच्या दुकानावरील खोलीत १९९९ साली मी आणि माझ्या भागीदाराने पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम सुरू केले. एक जुना संगणक, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि फॉक्सप्रो या डाटाबेस प्रणालीचे ज्ञान एवढेच आमचे भांडवल होते. ठेवी, कर्जे, पिग्मी, किर्द, खतावणी आणि तेरीज पत्रक हे सारे एका प्रणालीत आणून महिन्याचे काम दोन दिवसांत उरकून देणे, ही आमची ओळख झाली आणि तिचा मला आजही अभिमान आहे. भागीदाराचा हात प्रोग्रामवर विलक्षण चालत असे. व्याजाच्या आकारणीतील पैशाचा फरकही त्याला रात्री झोपू देत नसे.

परंतु ग्राहकाच्या संगणकात कोणाला, किती आणि कोणाच्या परवानगीने प्रवेश असावा, या ज्या गोष्टीविषयी मला येथे लिहायचे आहे, तिच्याकडे आम्हा दोघांचेही तेव्हा लक्ष नव्हते. फॉक्सप्रोतील सगळा डाटा डीबीएफ या साध्या फाइलींमध्ये असे. मेनूवर आम्ही लिपिक, रोखपाल आणि शाखाधिकारी असे वेगवेगळे आयडी दिले होते, तरी सर्व्हरवरील ते फोल्डर ज्याला उघडता येई त्याला कोणत्याही पासवर्डशिवाय शिल्लक बदलता येत होती. पुढे २००६ मध्ये आम्ही एसक्यूएल सर्व्हर या डाटाबेस प्रणालीवर आलो, तेव्हा ही वाट बंद झाली, पण तिच्या जागी दुसरी आली. डाटाबेसचा ‘एसए’ हा सर्वाधिकारी आयडी आणि आमच्या सॉफ्टवेअरमधील ‘सपोर्ट’ हा आयडी, या दोहोंचा पासवर्ड आमच्या चौतीसही ग्राहकांकडे एकच होता, कारण बिघाड झाला की कोणत्याही अभियंत्याला कोणत्याही गावी तो चालावा, अशी सोय आम्हाला हवी होती. आमच्या वार्षिक देखभाल करारात याविषयी एकच वाक्य होते: “देखभालीसाठी आवश्यक तो सर्व प्रवेश पुरवठादारास देण्यात येईल.” हे वाक्य मी स्वतः २००३ मध्ये लिहिले होते.

त्या काळात एकच ग्राहक असा होता की ज्याच्याकडे हे वाक्य चालले नाही. उदगीरच्या एका पतसंस्थेचे व्यवस्थापक निवृत्त शिक्षक होते आणि सगळे गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. त्यांनी करारावर सही केली, मात्र त्याच दिवशी लाल कापडी बांधणीची एक जाड वही काढली आणि तिच्यावर ‘संगणक प्रवेश नोंदवही’ असे वळणदार अक्षरात लिहिले. तारीख, आलेल्याचे नाव, आत येण्याची वेळ, काम, कोणत्या टेबलावर बसला, आयडी कोणी सुरू करून दिला, कोणी बंद केला, बाहेर जाण्याची वेळ आणि दोघांच्या सह्या, असे नऊ रकाने त्यांनी फूटपट्टीने आखले होते. आमचा ‘सपोर्ट’ आयडी त्यांच्या संस्थेत कायम बंद असे. अभियंता आला की गुरुजी स्वतः उठून तो सुरू करीत आणि काम संपताच बंद करून मगच त्याला चहा देत. एसटीने दीड-दोन तासांचा प्रवास करून गेलेली आमची मुले या वहीवर कुरकुर करीत. एकदा मीही म्हणालो, “गुरुजी, माणसं आपलीच आहेत.” ते म्हणाले, “आपलीच हायती म्हणूनच सही घेतो, लेकरा. उद्या कुणी इचारलं तर तुझ्याकडून मला बोलता आलं पायजे.” मी तेव्हा हे वयस्कर माणसाचे काटेकोरपण समजून सोडून दिले.

२०११ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातीलच दुसऱ्या एका पतसंस्थेच्या लेखापरीक्षणात अकरा लाख चाळीस हजार रुपयांचा अपहार उघडकीस आला. मुदत संपूनही ठेवीदारांनी न नेलेल्या जुन्या ठेवपावत्या मोडून ती रक्कम उचंत (तात्पुरत्या नोंदींच्या) खात्यामार्गे एका बचत खात्यात वळवली होती आणि या नोंदी मागील तारखांना केल्या होत्या. हिशेब मिटवून बंद झालेला दिवस पुन्हा उघडण्याचा अधिकार आमच्या सॉफ्टवेअरमध्ये लिपिकाला नव्हता, शाखाधिकाऱ्यालाही नव्हता, तो फक्त ‘सपोर्ट’ला होता. आठ महिन्यांतील चौदा नोंदी आणि चौदाही नोंदींपुढे आमचाच आयडी. लेखापरीक्षण अहवालात वाक्य आले: “सदर नोंदी सॉफ्टवेअर पुरवठादाराच्या आयडीवरून झाल्याचे दिसून येते.”

हे वाक्य शब्दशः खरे होते. त्याचा अर्थ मात्र गावोगाव असा घेतला गेला की लातूरच्या पोरांनी पतसंस्थेचे पैसे खाल्ले. तीन दिवस आम्ही जबाब देत होतो. भागीदाराच्या घरी त्या वर्षी बहिणीचे लग्न ठरलेले होते आणि पाहुण्यांकडून विचारणा होऊ लागली, तेव्हा त्याने भागीदारी सोडली. त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. पुण्याहून एक मोठी कंपनी त्या सुमारास मराठवाड्यात शिरत होती. तिचे प्रतिनिधी अहवालाच्या त्या एका पानाची छायांकित प्रत घेऊन आमच्या ग्राहकांच्या चेअरमनांना भेटत होते. चौकशी सुरू आहे आणि निष्कर्ष निघालेला नाही, हे ते सांगत नव्हते. पाच महिन्यांत चौतीसपैकी एकोणीस ग्राहक गेले, सहा अभियंत्यांपैकी दोघे उरले आणि एमआयडीसीतील भूखंडाचे हप्ते थकून तो परत करावा लागला. ज्या संस्थांच्या मार्चअखेरीसाठी आम्ही भारनियमनात कंदिलाच्या उजेडात बसलो होतो, त्यांपैकी काहींनी निरोपही दुसऱ्याच्या हाती पाठवला.

आम्हाला वाचवले ते लाल वहीने. अहवालातील चौदा तारखांपैकी पाच तारखांना, नोंद झाली त्याच वेळी, त्या संस्थेचे काम पाहणारा आमचा अभियंता उदगीरला गुरुजींच्या संस्थेत बसलेला होता आणि येण्या-जाण्याच्या वेळांपुढे त्याची व गुरुजींची सही होती. गुरुजी ती वही कापडात बांधून स्वतः चौकशी अधिकाऱ्यांकडे घेऊन आले. त्यानंतर अधिकाऱ्यांनी लॉगमधील, म्हणजे संगणक आपोआप ठेवतो त्या नोंदींमधील, यंत्राच्या नावाचा रकाना पाहण्यास सांगितले, जो तोपर्यंत कोणी पाहिलाच नव्हता. चौदाही नोंदी त्या संस्थेतील तीन नंबरच्या काउंटरवरून झाल्या होत्या. शेवटी आमच्या अभियंत्यानेच मान खाली घालून सांगितले की आदल्या वर्षीच्या मार्चअखेरीस रात्री दिवस बंद होत नव्हता, शेवटची एसटी निघून गेली होती, म्हणून त्याने रोखपालाला फोनवर पासवर्ड सांगितला आणि नंतर तो बदलला नाही. बदलणार तरी कसा, तो चौतीस ठिकाणी एकच होता. ही चूक त्याची म्हणून मी कधी मांडली नाही. तसा पासवर्ड ठेवणारा मी होतो. रोखपालाकडून रक्कम वसूल करण्याची कारवाई सुरू झाली आणि आमच्यावरील संशय लेखी दूर झाला. अहवालातील ते वाक्य मात्र तसेच राहिले. त्याखाली खुलासा जोडावा म्हणून मी तीन वेळा लेखी अर्ज केले आणि तिन्हींच्या पोच माझ्याकडे आहेत.

त्यानंतर उरलेल्या पंधरा ग्राहकांना आम्ही नवा करार दिला. त्याचे परिशिष्ट ‘क’ पूर्णपणे प्रवेशाविषयी आहे आणि गेल्या इतक्या वर्षांत त्यात भर पडली, एकही ओळ कमी झाली नाही. आमचा प्रत्येक माणूस त्याच्या नावाच्या आयडीनेच आत येईल, सामाईक आयडी राहणार नाही. कोणाला काय दिसेल, काय बदलता येईल आणि कोणत्या तारखेपर्यंत, याचा तक्ता संचालक मंडळाच्या ठरावाने मंजूर होईल आणि दर तीन महिन्यांनी व्यवस्थापक तो पुन्हा तपासून सही करतील. माणूस आमची नोकरी सोडेल त्याच दिवशी आम्ही लेखी कळवू आणि ग्राहक त्याच दिवशी आयडी बंद करून आम्हाला पोच देईल. बंद दिवस उघडण्यासाठी मागणी करणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा असेल आणि मंजुरी देणारा आमच्याकडचा कधीच नसेल. लॉग ग्राहकाच्या ताब्यात राहील व तो पुसण्याचा अधिकार आम्हाला असणार नाही. चाचणीसाठी आम्ही खऱ्या ठेवीदारांची नावे व खाते क्रमांक आमच्या कार्यालयात आणणार नाही. आणि करार संपला की सगळे आयडी, टोकन (प्रवेशासाठीचे छोटे उपकरण) व पासवर्ड परत केल्याचे पत्र दोन्ही बाजूंच्या सह्यांनी होईल, शेवटचे देयक त्यानंतरच निघेल. हे शेवटचे कलम घातले तेव्हा माझ्या सनदी लेखापालांनी मला वेड्यात काढले, कारण त्यात आमचाच पैसा अडकतो. पण पैसा अडकल्याशिवाय किल्ल्या परत करण्याची आठवण पुरवठादाराला राहत नाही, हे मी या धंद्यातच पाहिले आहे.

रात्री-अपरात्री सर्व्हर पडला तर काय, हा प्रश्न प्रत्येक चेअरमन विचारतात. त्यासाठी आम्ही लिफाफ्याची पद्धत ठेवली. सर्वाधिकारी आयडीचा पासवर्ड अर्धा व्यवस्थापकांनी आणि अर्धा एका संचालकांनी स्वतः लिहायचा, दोन लिफाफे लाखेने बंद करायचे, जोडावर सह्या करायच्या आणि ते तिजोरीत ठेवायचे. लिफाफा फोडला की कारण, वेळ आणि फोडणाऱ्याचे नाव वहीत लिहायचे आणि काम झाल्यावर नवा पासवर्ड करून नवा लिफाफा बंद करायचा. आता ओटीपी आले, टोकन आले आणि दूरस्थ कामासाठी ग्राहकाच्याच आवारात एक मधले यंत्र आले, ज्यातून गेल्याशिवाय सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही आणि ज्यावर केलेले काम पडद्यासह रेकॉर्ड होते. तरीही लाखेची कांडी आमच्या प्रत्येक अभियंत्याच्या पिशवीत असते.

पुढची सहा-सात वर्षे आम्ही हेच काम नेमाने केले. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. तिच्यात दूरस्थ प्रवेश एरवी बंद ठेवावा, अधिकृत अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच तो सुरू करावा आणि त्याचे लॉग ठेवून पाहावेत, असे लिहिले आहे. ती वाचताना मला गुरुजींचे नऊ रकाने डोळ्यांसमोर दिसले. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, परंतु आमच्याकडच्या दोन नागरी बँकांच्या तपासणीत परिशिष्ट ‘क’ जसेच्या तसे मान्य झाले, हे मी अभिमानाने नोंदवतो. २०११ मध्ये सोडून गेलेल्यांपैकी सहा संस्था त्यानंतर परत आल्या. त्यांच्यापैकी एकीने त्या पुण्याच्या कंपनीशी केलेला करार मला वाचायला दिला. त्यात प्रवेशाविषयी एकच वाक्य होते आणि ते माझ्या २००३ च्या वाक्याशी जवळपास जुळणारे होते. आमच्याविरुद्ध ते पान फिरवणाऱ्यांनी स्वतःच्या करारात त्यावरून काहीच घेतले नाही, याचे दुःख मला अजून आहे.

या निमित्ताने मराठवाड्यातील लहान संस्थांच्या व्यवस्थापकांना मी सांगू इच्छितो की करार पुरवठादाराने आणलेल्या छापील नमुन्यावर करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे हाच भरपाईस पात्र दोष ठरवला आहे. तेव्हा परवानगी कोणती, कोणाला आणि कुठवर, हे कागदावर नसेल तर वाद झाल्यावर सिद्ध काय करणार? कराराखाली मिळालेली व्यक्तिगत माहिती बाहेर उघड करणाऱ्याला कलम ७२अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतातच ठेवायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. लॉग पुरवठादाराच्या यंत्रावर असतील तर ते सहा तास त्याला फोन लावण्यातच जातात. आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने तर स्पष्टच केले आहे की माहितीवर काम करणारा दुसरा असला तरी जबाबदारी ती माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचीच राहते. दुरून संगणक चालवण्याच्या एनीडेस्क या सॉफ्टवेअरचा कायमचा पासवर्ड पुरवठादाराच्या वहीत लिहून ठेवणाऱ्या संस्था मला आजही दर महिन्याला भेटतात.

गुरुजी २०१९ मध्ये व्यवस्थापकपदावरून मोकळे झाले. त्यांच्या संस्थेत आता संगणकशास्त्र शिकलेली एक तरुण मुलगी व्यवस्थापक आहे. गेल्या मार्चमध्ये कराराच्या नूतनीकरणासाठी मी स्वतः उदगीरला गेलो होतो. परिशिष्ट ‘क’च्या तक्त्यात आम्ही आमच्या एका अभियंत्यासाठी कर्ज विभागाचे अहवाल पाहण्याचा अधिकार मागितला होता. तिने लॉग उघडून दाखवले की मागील तीन तिमाहींत त्याने तो अधिकार एकदाही वापरलेला नाही, आणि त्या ओळीवर लाल शाईने रेघ मारली. मग तिने माझ्यापुढे वही सरकवली. ती अकरावी वही होती, रकाने नऊच होते. मी सातव्या रकान्यापर्यंत लिहिले, तिने घड्याळ पाहून माझी बाहेर जाण्याची वेळ घातली आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या.