खरा व बरोबर

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर दुपारी दोनच्या उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी एका अनोळखी मुलाचे 'टू बी ऑनेस्ट' मोजत होते. नऊ झाले होते. आईचं प्रतिज्ञापत्र टाइप व्हायचं होतं, आमच्या आधी दोन नंबर होते आणि टायपिस्टचा प्रिंटर मधूनच कागद गिळून बसत होता. मुलगा शेजारच्या झाडाला टेकून फोनवर बोलत होता. "टू बी ऑनेस्ट, मी निघालोय." झाडाला टेकलेलाच. "टू बी ऑनेस्ट, तीन हात नाक्याला जाम ट्रॅफिक आहे रे." मी आईकडे पाहिलं. ती पर्समधून आवळासुपारीची डबी काढत होती. "हा इथेच आहे की," ती म्हणाली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ऐकू कमी येतं, त्यामुळे आपलं बोलणंही हळू निघतं असा तिचा समज आहे. मुलानं वळून पाहिलं आणि जरा पलीकडच्या झाडाकडे गेला.

मराठीत 'खरं सांगायचं तर' म्हटलं की समोरचा कान टवकारतो. आता काहीतरी येणार. मग निदान थोडं तरी खरं सांगावं लागतं, नाहीतर लाज जाते. 'टू बी ऑनेस्ट'ला तसलं ओझं नाही. ते घसा खाकरल्यासारखं आहे. नावं त्या मुलाला कशाला ठेवू? मी स्वतः जांभळी नाक्याच्या भाजीवालीला पर्समध्ये सुटे असताना "अ‍ॅक्च्युअली सुटे नाहीत हो" म्हणते. नुसतं 'सुटे नाहीत' म्हणायला जीभ अडखळते. 'अ‍ॅक्च्युअली' लावलं की सरळ निघतं.

ऑनेस्ट हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो व्याकरणात. आमची शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून. अ मॅन, पण अ‍ॅन ऑनेस्ट मॅन. बाई फळ्यावरच्या एचवर तिरकी रेघ मारायच्या आणि म्हणायच्या, हा लिहायचा, बोलायचा नाही. तरी अर्धा वर्ग 'होनेस्ट' म्हणायचा आणि छडी खायचा. त्या शब्दाचा सचोटीशी काही संबंध असतो हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्यासाठी तो अवर आणि एअरच्या रांगेतला, मुका एचवाला शब्द. पुढे बाबांच्या जाड डिक्शनरीत वाचलं, की लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मानाचा, अब्रूदार असा होता. खरं बोलण्याचं त्याला नंतर चिकटलं. आपल्याकडे लग्न जमवताना 'घरंदाज माणसं आहेत हो, खोटं कशाला बोलतील' म्हणतात ना, तोच हिशोब.

ती डिक्शनरी म्हणजे बाबांची इस्टेट. दुसरी इस्टेट वागळे इस्टेट, तिथल्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. डिक्शनरीला खाकी कव्हर, कव्हरला दर जूनमध्ये आमच्या वह्यांबरोबर नवीन खाकी कव्हर. पत्राच्या शेवटी काय लिहायचं यावर त्यांचे नियम फार कडक. 'डिअर सर' असेल तर 'यूअर्स फेथफुली', नाव घालून सुरू केलं असेल तर 'यूअर्स सिन्सिअरली'. यात चूक झाली की पत्र फाडून पुन्हा. सिन्सिअर शब्दाची त्यांच्याकडे एक गोष्ट होती. रोममध्ये म्हणे लबाड मूर्तिकार संगमरवराला तडा गेला की त्यात मेण भरायचे. उन्हात मेण वितळायचं आणि गिऱ्हाईक फसायचं. म्हणून चांगला मूर्तिकार मूर्ती विकताना सांगायचा, साइने सेरा. मेणाविना. तोच सिन्सिअर. बाबा हे सांगताना मेण वितळल्यासारखी बोटं खाली सोडत. इतकी सुंदर गोष्ट. आणि ती खोटी आहे. लॅटिन सिन्सेरस म्हणजे शुद्ध, निर्भेळ, एवढंच. मेणाची कथा कोणीतरी नंतर भरलेली. मला हे कळलं तेव्हा बाबा होते, पण मी त्यांना सांगितलं नाही. नातवंडांना ती गोष्ट सांगताना ते फार खूश दिसायचे.

तर याच बाबांनी मी तिसरीत असताना 'यूअर्स सिन्सिअरली' लिहून माझ्या हाती एक चिठ्ठी दिली. मावशीच्या लग्नाला आम्ही चार दिवस गावी जाऊन आलो होतो. चिठ्ठीत ताप. मला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे आपण काय घेऊन चाललोय हे मला ठाऊक नव्हतं. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि मायेनं विचारलं, "उतरला का गं ताप?" मी काय बोलणार? मान डोलावली. बाकावर येऊन बसले तर शेजारची माझ्या हातांकडे बघत होती. कोपरापर्यंत मेंदी. चांगली लालभडक रंगलेली.

"तापात मेंदी लावतात?"

"हो."

"गळ्याशप्पथ?"

मी गळ्याला चिमटा लावला. तेवढ्यानं तिचं भागलं नाही. "आईशप्पथ म्हण."

म्हटलं. घंटा झाली, गणिताचा तास सुरू झाला, आणि मग हळूहळू पोटात गोळा यायला लागला. त्या वयात आईशप्पथ खोटी घेतली की काय होतं याबद्दल कोणाच्या मनात शंका नसे. मधल्या सुट्टीत डबा न उघडता मी पळत सुटले. दोन गल्ल्या, मग चाळ, मग लाकडी जिना. आई दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. जिवंत. सुपातला खडा बाजूला काढून तिनं वर पाहिलं आणि मी जे रडायला लागले ते थांबेना. मला एवढंच बोलता आलं, "आई, सुटली म्हण. शप्पथ सुटली म्हण." कसली शपथ, कोणाला घातली, तिनं काही विचारलं नाही. पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "सुटली गं, सुटली. हो, हो." तांदळाचे दाणे माझ्या फ्रॉकला चिकटले होते.

आपल्याकडे १९६९चा शपथांचा कायदा आहे. त्यात एक सोय आहे. बारा वर्षांखालच्या साक्षीदाराला शपथ म्हणजे काय ते उमगत नसेल, पण खरं बोलायचं असतं एवढं समजत असेल, तर त्याला शपथ देण्याची गरज नाही. सिनेमात लाल कापडात गुंडाळलेल्या गीतेवर हात ठेवायला लावतात, तसं पुस्तकही या कायद्यात कुठे नाही. मी आठ वर्षांची होते. कोर्टानं मला सहज सोडलं असतं. शेजारचीनं नसतं सोडलं.

बाबांच्या त्याच डिक्शनरीत एकदा 'सूद' बघायला गेले. सूदिंग म्युझिक, सूदिंग क्रीम, तोच सूद. तर जुन्या इंग्रजीत 'सूथ' म्हणजे सत्य. नुसतं अर्थानं नाही, रक्ताच्या नात्यानं. आपलं सत् आणि त्यांचं सूथ एकाच मुळातून निघालेले. त्यावरून सूद म्हणजे एखादी गोष्ट खरी असल्याचं सिद्ध करणं. मग कोणी काही बोललं की 'खरंय, खरंय' म्हणणं. मग होला हो करणं. आणि शेवटी कुरवाळणं, शांत करणं. सत्य गेलं, क्रीम उरलं. हे वाचलं त्या दिवशी मी डिक्शनरी मिटून बराच वेळ नुसती बसले होते, का ते नीट सांगता येणार नाही.

सगळ्याच शब्दांचं असं होतं म्हणा. 'व्हेरी गुड'मधल्या व्हेरीचा अर्थ मुळात 'खरा'. आता किती 'व्हेरी' लावले की खरं वाटतं, तुम्हीच बघा. आणि कँडिड! लॅटिन कँडिडस म्हणजे शुभ्र पांढरा. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे खडूनं पांढरे केलेले झगे घालून लोकांत फिरत, म्हणून कँडिडेट. त्याच घरातून कँडिड, निर्मळ मनाचा, स्पष्ट बोलणारा. आमच्या चौकातल्या फलकावर सात भावी नगरसेवक आहेत, सातही कडक इस्त्रीच्या पांढऱ्यात. एवढ्यापुरती रोमची परंपरा ठाण्यानं नीट राखली आहे. कँडिडचं आणखी एक रूप उपवनला दिसतं. संध्याकाळी तलावाकाठी लग्नाआधीचे फोटो काढून घेणाऱ्या जोड्यांची रांग असते. परवा मी तिथे फिरत होते, तर फोटोग्राफर माझ्यावरच ओरडला, "काकू, कॅमेऱ्यात बघू नका ना, कँडिड चाललंय!" मग नवऱ्या मुलाला म्हणाला, "सर, मघाशी हसलात तसंच हसा. नकळत." सर चार वेळा नकळत हसले. पाचव्यांदा नवरी कंटाळून खरंच हसली, तेव्हा हा बॅटरी बदलत होता.

फ्रँक राहिला. तो मामाचा शब्द. मामाचा महिन्यापूर्वी फोन आला. आजीच्या गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची आहेत, आईच्या दोन नावांचं प्रतिज्ञापत्र लागेल. "आणि अक्का, फ्रँकली सांगतो, पुढे हक्कसोडाचंही बघून टाकू. तू काय ठाण्याहून येऊन भात लावणारेस?" आई हसली. लावणार नव्हतीच. फोन ठेवल्यावर मात्र तिनं उगीच ओटा दोनदा पुसला. फ्रँक ही मूळची एक टोळी. त्यांनी गॉल जिंकला, आणि तिथे पूर्ण मोकळीक फक्त फ्रँकांना. म्हणून फ्रँक म्हणजे मोकळा, आणि मग मोकळं बोलणारा. थोडक्यात, जमीन ज्याच्या ताब्यात त्यानं फ्रँक बोलायचं. इंग्लंडात खासदाराच्या सहीवर पत्र फुकट जायचं, त्यालाही फ्रँकच म्हणत. १८४० साली ती चैन बंद झाली. आपल्याकडे फ्रँकिंग म्हणजे मुद्रांक शुल्क भरणं. मोकळं काही नाही. साधा १०० चा स्टँप पेपर चालायचा अशा बऱ्याच दस्तांना महाराष्ट्रात २०२४ पासून ५०० चा लागतो.

"आजी, या," टायपिस्टनं हाक मारली. "वन अँड सेमच ना?"

"म्हणजे?" आई.

"दोन्ही नावं तुमचीच, असं. वन अँड सेम पर्सन."

आईनं आवळासुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "वन खरं," ती म्हणाली. "सेम कुठली? माहेरी होते ती वेगळीच होती हो."

टायपिस्टची बोटं कीबोर्डवर थांबली. तो माझ्याकडे बघायला लागला. आईचं माहेरचं नाव तीन अक्षरी. लग्नात ताटातल्या तांदळात लिहून बाबांनी बदललं, ते पाच अक्षरी. "आजी, दोन्ही लिहावंच लागतं," तो म्हणाला, बिचारा फार समजुतीनं. "लिहा की मग," आई म्हणाली.

कागद आला. 'मी खाली सही करणार, वय वर्षे ७८, धंदा गृहिणी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की' इथपासून 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे' इथपर्यंत तिनं चष्मा नाकावर ढकलून सगळं वाचलं. खरा आणि बरोबर, दोन्ही कशाला, असं ती विचारणार हे मला दिसत होतं, पण मागे रांग होती. तिनं पेन हातात घेतलं.

"कुठल्या नावानं करू?"

"आधारवर आहे तीच."

पाच अक्षरी सही झाली. नोटरीकडचा शिक्का झाला. झाडाशी तो मुलगा आता नव्हता, बहुतेक खरंच निघाला असावा.

रिक्षात बसल्यावर आईनं टायपिस्टची पावती उलटी करून मांडीवरच्या पर्सवर ठेवली आणि माझ्याकडून पेन मागितलं. रिक्षा खड्ड्यांतून चालली होती. तीन अक्षरं तिनं फार सावकाश काढली, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून तिला एक गाठ मारली. मग हात लांब करून पाहिलं.

"अशीच होती ना गं माझी सही? गाठ अशीच होती?"

लग्नानंतर तीन वर्षांनी माझा जन्म. ती सही मी कधी पाहिली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "हो, अश्शीच."