कारण विचारू नका, एमबी मागा

२०२४ च्या एप्रिलमध्ये इंदूर नगर निगमातल्या खोट्या बिलांचं प्रकरण पोलिसांत गेलं. जागेवर झालीच नाहीत अशा ड्रेनेजच्या कामांच्या फायली रंगवून पैसे उचलल्याचा आरोप होता. पुढे ईडीचे छापेही पडले. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. मला त्यातली एकच गोष्ट फार खटकते. गल्लीत खोदकाम झालं की नाही, हे तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. आपल्या गल्लीच्या नावावर बिल निघालंय, हे मात्र कुणालाच कळत नाही. ते कळायची सोय माहिती अधिकार कायद्याने २००५ पासून करून ठेवली आहे, पण बरेच अर्ज चुकीच्या प्रश्नापायी वाया जातात.

"रस्ता इतका निकृष्ट का झाला?" असं लिहिलं की "हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं, आणि ते कायद्याला धरूनच असतं. अधिकाऱ्याने दप्तरात असलेली नोंद द्यायची असते. मत किंवा खुलासा देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. म्हणून नोंदच मागायची, आणि सगळ्यात मोलाची नोंद म्हणजे मेजरमेंट बुक, एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापाची वही. कंत्राटदाराचं बिल निघतं ते एमबीतल्या मोजमापावर. उपयंत्री जागेवर मोजून लिहितो, वरचे यंत्री तपासून सही करतात, मग रनिंग बिल, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणारं बिल, तयार होतं.

एमबीचं पान वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. समजा नोंद अशी आहे: सीमेंट काँक्रीट रस्ता, लांबी १२० मीटर, रुंदी ४.५० मीटर, जाडी ०.२० मीटर, एकूण १०८ घनमीटर. लांबी-रुंदी टेपने कुणीही मोजू शकतो. खरी मेख जाडीत असते. प्रत्यक्षात थर १५ सेंटिमीटरच असेल तर काँक्रीट भरतं ८१ घनमीटर. म्हणजे २७ घनमीटर काँक्रीट न ओतताच त्याचे पैसे गेले, तब्बल पाव हिस्सा. जाडी बघायची वेळ म्हणजे काम चालू असताना, कडेची साइडपट्टी भरण्याआधी. मोजपट्टी टेकवून आकडा दिसेल असा फोटो काढून ठेवा. नंतर कुणी नळाच्या कनेक्शनसाठी रस्ता कापला की तीही संधी असते.

ड्रेनेजला जास्त जपावं, कारण सगळं काम जमिनीखाली जातं. तिथे चेंबर मोजा आणि एमबीतल्या संख्येशी ताडून बघा. आरसीसी पाइप साधारण अडीच मीटर लांबीचा येतो. १०० मीटर लाइनला ४० पाइप लागतात. खोदाईचा दर खोलीप्रमाणे वाढतो, त्यामुळे खोली फुगवण्याचा मोह असतो. ती तपासायला चेंबरचं झाकण निगमाच्या माणसांकडूनच उघडवून घ्या आणि आत डोकावू नका. विषारी वायूने माणसं दगावतात.

अर्ज एकाच कामाचा असावा. "गेल्या दहा वर्षांतली सगळी कामं" असं मागितलं तर टोलवायला निमित्त मिळतं. आधी राज्याच्या ई-टेंडर पोर्टलवर निविदा शोधा, तिथे कामाचं नाव आणि क्रमांक मिळतो. नाही मिळाला तर वॉर्ड, रस्ता, कुठल्या घरापासून कुठल्या चौकापर्यंत आणि कुठल्या महिन्यांत, एवढं पुरतं. मागायचं ते: एस्टिमेट, प्रशासकीय आणि तांत्रिक मंजुरी, कार्यादेश, बीओक्यू (कुठलं काम किती आणि कुठल्या दराने, याची यादी), त्या कामाची एमबीची पानं, सगळी रनिंग बिलं आणि फायनल बिल, क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद तपासणाऱ्या चाचणीचे) रिपोर्ट, काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोषदायित्वाची मुदत. ही मुदत संपायच्या आत उखडलेला रस्ता कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. ती कळली नाही तर त्याच रस्त्यावर आपले पैसे दुसऱ्यांदा जातात.

अर्ज हिंदीत लिहा. घरी आपण मराठी बोलत असलो तरी इथे मध्य प्रदेशात कायद्याने हिंदी किंवा इंग्रजीच चालते. फी १० रुपये, प्रतीचे पानाला २ रुपये. फाइल जाडजूड असेल तर आधी निरीक्षण मागावं. कलम २ (जे) मध्ये कागदांचंच नव्हे, कामाचंही निरीक्षण करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क आहे. हा हक्क फार थोडे लोक वापरतात, याची मला खंत वाटते.

मुदत ३० दिवसांची. मध्येच प्रतींचे पैसे भरायचं पत्र आलं की ते भरेपर्यंत घड्याळ थांबतं, म्हणून लगेच भरून पावती घ्या. मुदत उलटून गेली तर माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर नाही म्हणजे नकार. त्यावर ३० दिवसांत पहिलं अपील, मध्य प्रदेशात फी ५० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत भोपाळला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, फी १०० रुपये. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

नोव्हेंबर २०२५ पासून एक अडचण वाढली आहे. डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८ (१) (जे) बदललं आणि "वैयक्तिक माहिती" एवढं म्हणून नकार देणं सोपं झालं. हा बदल मला घातक वाटतो. अपिलात कलम ८ (२) चा आधार घ्या. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, हे कलम तसंच आहे. शिवाय मोजमाप हे रस्त्याचं असतं, कुणा व्यक्तीचं नव्हे, हेही स्पष्ट लिहा.

तफावत सापडली तर निगम आयुक्तांना लेखी तक्रार द्या आणि कोअर टेस्टची, म्हणजे रस्त्यातून काँक्रीटचा गोल तुकडा कापून तपासण्याची, मागणी करा. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे निदान तीन कोअर घ्यावे लागतात. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये. कोअर कुठून काढायचा ती जागा कंत्राटदाराला ठरवू देऊ नका, आणि काढलेल्या कोअरची लांबी तिथल्या तिथे मोजून पंचनाम्यात लिहून घ्या. जाडीचा सवाल तिथेच निकालात निघतो. लोकायुक्तांकडे जायचं तर शपथपत्र लागतं. त्याला एमबीची प्रमाणित प्रत आणि हा पंचनामा जोडा.