एनएफएलच्या स्टेडियममध्ये नव्या फुटबॉल संघानं घर करावं का?

अमेरिकेत एखाद्या शहराला मेजर लीग सॉकरचा, म्हणजे एमएलएसचा, नवा संघ मिळाला की एक प्रश्न हमखास येतो. शहरात अमेरिकन फुटबॉलचं सत्तर हजारांचं स्टेडियम आहे, त्या खेळाच्या लीगचा, म्हणजे एनएफएलचा, संघ ते वर्षातून जेमतेम दहा दिवस वापरतो. मग नव्या संघानं तिथंच खेळायला काय हरकत आहे? नव्या बांधकामावर पंचवीस-तीस कोटी डॉलर कशाला घालायचे?

माझं मत सरळ सांगतो. पहिले दोन-तीन हंगाम तिथं जरूर खेळावं. कायमचं राहायचं असेल, तर दोन्ही संघांचा मालक एक हवा आणि स्टेडियमचा नकाशा काढतानाच फुटबॉलचा विचार झालेला हवा. यातलं काहीच नसेल, तर पहिल्या दिवसापासून स्वतःची जागा शोधायला लागावं. (इथून पुढे फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल, दुसऱ्या खेळाला एनएफएल म्हणतो, म्हणजे घोळ नको.)

स्टेडियम बघायला गेल्यावर लोक खुर्च्या मोजतात. खरं तर आधी कोपरे बघावेत. एनएफएलचं मैदान एंड झोनसकट (म्हणजे दोन्ही टोकांच्या, गुण मिळवायच्या पट्ट्यांसकट) १२० यार्ड लांब आणि ५३ यार्ड १ फूट रुंद असतं, म्हणजे साधारण ११० बाय ४९ मीटर. फुटबॉलचं प्रमाण मैदान १०५ बाय ६८ मीटर. लांबीला जागा उरते, रुंदीला १९ मीटर कमी पडतात. प्रत्येक बाजूला साडेनऊ. मध्यरेषेजवळ ही जागा बहुतेक वेळा मिळते, कारण तिथं एनएफएलच्या पन्नासेक खेळाडूंची बाकं आणि उभं राहायची पट्टी असते. अडचण कोपऱ्यात येते. प्रेक्षागाराचा वाडगा तिथं आत वळतो आणि कॉर्नरचा झेंडा जिथं रोवायचा नेमकी तिथंच खुर्च्यांची पहिली रांग किंवा काँक्रीटची भिंत येते.

झेंडा कसाबसा बसला तरी काम झालं असं नाही. कॉर्नर घेणाऱ्याला चार-पाच पावलं मागं जायला लागतात. धावत येऊन घसरणाऱ्या बचावपटूला रेषेपलीकडे थांबायला सपाट, मऊ जागा लागते. टर्फ संपून लगेच काँक्रीट किंवा केबलची झाकणं सुरू झाली तर घोटे आणि गुडघे जातात. मग संघ काय करतात? मैदान अरुंद करतात. न्यूयॉर्क सिटी एफसीनं २०१५ पासून बेसबॉलच्या यँकी स्टेडियममध्ये ११० बाय ७० यार्डांवर खेळ मांडला. नियमात ते बसतं. पण कडेनं पळणाऱ्या विंगरला जागा राहत नाही, थ्रो-इन थेट गोलसमोर पडतो आणि सामन्याचा चेहराच बदलतो.

दुसरा उपाय खुर्च्या काढायचा. सिनसिनाटीचा संघ आधी विद्यापीठाच्या निपर्ट स्टेडियममध्ये खेळायचा, तिथं मैदान रुंद करायला खुर्च्या हटवाव्या लागल्या. २०२६ च्या विश्वचषकासाठी अमेरिकेतली जी अकरा स्टेडियमं निवडली, ती सगळी एनएफएलची. त्यांतल्या न्यूयॉर्कजवळच्या मेटलाइफमध्ये कोपऱ्यांतल्या सुमारे १,७०० खुर्च्या काढल्या. तिसरा उपाय मैदानच उचलायचा: वाडगा वर रुंद होत जातो, म्हणून चौथरा घालून पृष्ठभाग वर आणला की रुंदी मिळते, पण पुढच्या रांगा निकामी होतात. विश्वचषकाच्या काही आठवड्यांसाठी हे परवडतं. लीगच्या १७ घरच्या सामन्यांसाठी दरवेळी नाही.

रुंदीला टंचाई आणि लांबीला सुकाळ, याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. एनएफएलची एंड लाइन, म्हणजे मैदानाच्या टोकाची रेषा, आपल्या गोलरेषेच्या सव्वादोन-अडीच मीटर मागं असते, आणि भिंत त्याच्याही मागं. म्हणजे गोलमागचे कट्टर समर्थक, ज्यांच्या आवाजावर घरचं मैदान चालतं, तेच गोलापासून लांब बसतात. शिवाय एनएफएलमध्ये बाजूला उभ्या खेळाडूंच्या डोक्यावरून दिसावं म्हणून पहिली रांग मैदानापासून बरीच वर बांधतात. लॉस एंजेलिस एफसीनं स्वतःचं स्टेडियम बांधताना समर्थकांचा उत्तरेकडचा स्टँड ३४ अंशांनी चढवला आणि तिथं उभं राहायची सोय केली. भाड्याच्या जागेत असं काही करता येत नाही.

आता पायाखालची गोष्ट. शेअर केलेल्या स्टेडियममध्ये बहुधा कृत्रिम टर्फ असतं आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे: समोरासमोर ढकलाढकली करणारे सव्वाशे-दीडशे किलोचे लाइनमन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खऱ्या गवताचा मधला पट्टा उखडतात, आणि थंडीत ते पुन्हा भरून येत नाही. सिएटल, अटलांटा, शार्लट, न्यू इंग्लंड, सगळीकडे टर्फच आहे. पण टर्फ-टर्फमध्ये फरक असतो. एनएफएलमध्ये सामन्याआधी पृष्ठभागाचा कडकपणा मोजतात, कारण त्यांचा खेळाडू जोरात आपटतो. चेंडू किती घरंगळतो हे मात्र तिथं कुणी मोजत नाही, कारण त्यांना त्याची गरज नसते. आपलं सगळं त्यावरच अवलंबून. फिफाच्या वरच्या दर्जाच्या चाचणीत एक मीटर उंचीच्या उतारावरून चेंडू सोडतात आणि तो ४ ते ८ मीटरच्या आत थांबावा लागतो. धागे आडवे पडलेल्या टर्फवर तो पुढं जातच राहतो. मग पास धावणाऱ्याच्या पुढं निघून जातो आणि बाहेर लोकांना वाटतं की खेळाडूच कच्चे आहेत.

म्हणून टर्फची निगा करारात लिहून घ्यावी लागते. धागे त्यांच्या कलाच्या उलट दिशेनं ब्रश करून उभे करायचे. वाळू आणि रबराच्या दाण्यांची खोली ठिकठिकाणी मोजायची. गोलसमोर आणि पेनल्टीच्या ठिपक्याजवळ दाणे उडून जातात, तिथं भर घालायची. सामन्याआधी आणि मध्यंतरात पाणी मारायचं, म्हणजे चेंडू सरळ सरकतो आणि उन्हात तापलेला पृष्ठभाग थोडा उतरतो. एनएफएलच्या कर्मचाऱ्यांना कोरडं मैदान हवं असतं, त्यामुळं पाण्यावरून वाद ठरलेला. मोठे खेळाडू टर्फ टाळतात हेही हिशेबात धरावं. फ्रान्सचा थिएरी ऑन्री न्यूयॉर्क रेड बुल्सकडून खेळताना टर्फवरचे बरेच सामने सोडायचा.

शनिवारी रात्री आपला सामना आणि रविवारी दुपारी एक वाजता एनएफएल असेल, तर मधल्या रात्री काय होतं ते बघण्यासारखं असतं. गोल, जाळ्या आणि कडेचे जाहिरातीचे फलक बाहेर जातात. आपल्या रेषांवर रंग काढायचं द्रावण फवारतात, ते मुरलं की फिरत्या ब्रशचं यंत्र घासत जातं, मग पाणी मारून मळी ओढून घेतात. वाळल्यावर दर पाच यार्डांची रेषा, दर यार्डाच्या खुणा, आकडे आणि एंड झोनची अख्खी रंगीत पाटी. मग एका खांबावर उभे असलेले गोलपोस्ट जमिनीतल्या नळीत बसवायचे. त्यांचे उभे दांडे ३५ फुटांचे, त्यामुळं यंत्राशिवाय ते हलत नाहीत. उलट दिशेनं, म्हणजे एनएफएलनंतर आपला सामना असेल तर, काम जास्त जड, कारण एंड झोनमध्ये रंगाचा थर मोठा असतो. घाई केली की आकड्यांची भुतं राहतात आणि टीव्हीवर आपली पेनल्टी बॉक्सची रेषा शोधावी लागते. खऱ्या गवतावरचा रंग तर सहजासहजी निघत नाही. वरून हिरवा मारतात. दोन सामन्यांत किती तासांचं अंतर आणि रंग बदलायचा खर्च कुणाचा, हे आधी ठरलेलं नसेल तर भाडेकरूच भरतो.

रिकाम्या खुर्च्यांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना दिसतं. १९९६ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा दहांपैकी जवळजवळ सगळे संघ अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या स्टेडियममध्ये होते आणि वीस हजार माणसं त्यात हरवून जायची. यातला खरा तोटा तिकिटांचा. जागा कधीच संपणार नाही हे माहीत असलं की हंगामाचं तिकीट आधी काढायची कुणाला गरज वाटत नाही. हे सर्वांत आधी ओळखलं लामार हंट यांनी. ते स्वतः एनएफएलच्या कॅन्सस सिटी चीफ्सचे मालक होते. त्यांचा कोलंबस क्रू हा संघ नव्वद हजारांच्या ओहायो स्टेडियममध्ये खेळायचा. त्यांनी १९९९ मध्ये सुमारे २ कोटी ८५ लाख डॉलरमध्ये साधं, वीस-बावीस हजारांचं स्टेडियम बांधलं. एमएलएस संघासाठी बांधलेलं ते पहिलं.

आता सिएटल आणि अटलांटाचं काय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, आणि ती दोन्ही उदाहरणं मनापासून आवडणारी आहेत. सिएटलचं स्टेडियम ठरत होतं तेव्हा, १९९७ च्या सार्वमतातच, फुटबॉल हिशेबात होता. २०१९ च्या अंतिम सामन्याला तिथं ६९,२७४ लोक होते. अटलांटात आर्थर ब्लँक दोन्ही संघांचे मालक. खालच्या खुर्च्या आत सरकतात, वरचे मजले पडद्यांनी झाकून क्षमता ४२,५०० वर आणता येते. पडदा उघडला तर २०१८ चा अंतिम सामना ७३ हजारांसमोर झाला. तिथं पार्किंग, खाद्यपदार्थ, महागड्या खासगी बॉक्स आणि जाहिरातीचा पैसा एकाच घरात राहतो. मालक वेगळा असला की यातलं बहुतेक त्याचं, आणि तुमच्याकडं तिकिटं वजा भाडं. मालक एक असूनही न्यू इंग्लंडचं गणित पुरतं जुळलेलं नाही: मैदान बॉस्टनपासून चाळीसेक किलोमीटरवर फॉक्सबरोत, आणि मालक क्राफ्ट कुटुंब शहरालगतच्या एव्हरेटमध्ये फक्त फुटबॉलचं स्टेडियम उभारायच्या मागं आहे.

स्वतःचं बांधलं म्हणजे भागलं, असंही नाही. शिकागो फायरनं २००६ मध्ये ब्रिजव्ह्यू उपनगरात स्वतःचं घर केलं, पण शहरातला प्रेक्षक तिथं गेला नाही. करार मोडायला ६ कोटी ५५ लाख डॉलर मोजून संघ २०२० मध्ये एनएफएलच्या सोल्जर फील्डवर परतला. आता तोच संघ शहराच्या मध्यावर स्वतःचं स्टेडियम बांधायला निघाला आहे. लांबच्या स्वतःच्या घरापेक्षा मध्यवर्ती भाड्याचं बरं, हे मी मान्य करतो.

म्हणून सुरुवातीला भाड्यानं राहणं चुकीचं नाही. मिनेसोटा २०१७-१८ ला विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये खेळून २०१९ मध्ये १९,४०० च्या अलायन्झ फील्डमध्ये गेला. नॅशव्हिलनं २०२०-२१ ला एनएफएलच्या निसान स्टेडियममध्ये काढून २०२२ मध्ये तीस हजारांचं जिओडिस पार्क उघडलं. निसानमधल्या त्यांच्या पहिल्या सामन्याला ५९ हजार लोक आले होते. एवढी मोठी जागा असण्याचा फायदा तेवढ्या दिवसापुरता नक्की मिळतो. या दोघांकडं राहायला आल्या दिवशी जायची तारीख होती.

करार करणार असाल तर तारखांचं कलम नीट वाचा. एमएलएसचा हंगाम आजवर फेब्रुवारीअखेर ते डिसेंबर असा होता. २०२७ च्या उन्हाळ्यापासून तो जुलैच्या मध्यात सुरू होऊन मेअखेर संपेल, मधे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सुट्टी. उत्तरेकडच्या संघांना थंडीत घरी खेळायचं नसतं, त्यामुळं ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये घरच्या सामन्यांची गर्दी होणार, म्हणजे ऐन एनएफएलच्या दिवसांत. त्यांचं वेळापत्रक मे महिन्यात येतं, तेव्हा ज्या शनिवार-रविवारी ते बाहेरगावी असतील ते तुम्हाला आधी मिळतील असं लिहून घ्या. बाद फेरी मात्र वसंतात जाते, तिथं एनएफएलची अडचण नाही. पण मे म्हणजे स्टेडियममधल्या मोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमांची सुरुवात, त्यांच्या तारखा वर्षभर आधी विकल्या जातात आणि मंचाखाली टर्फ चार-पाच दिवस दबून राहतं. बाद फेरीत घरचा सामना आहे की नाही हे तुम्हाला आठवडाभर आधी कळणार. त्या सगळ्या संभाव्य तारखा मोकळ्या ठेवायचं कलम स्टेडियमवाल्यांना नको असतं. भाडं थोडं जास्त द्यावं लागलं तरी ते घ्याच.