कबूल कर आणि मोकळा हो

वकिलीच्या सनदेच्या अर्जात एक रकाना होता: यापूर्वी कोणत्याही फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय? बाकीचा अर्ज दहा मिनिटांत भरला. या रकान्यापाशी पेन अडलं ते दोन दिवस.

प्रकरण गाडी लावण्यावरून झालेल्या भांडणाचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. समोरच्याला थोबाडीत मारली, त्याचा ओठ फुटला. भादंवि (भारतीय दंड संहिता) कलम ३२३, म्हणजे दुखापत करणं. चार तारखा झाल्यावर आमचे वकील म्हणाले, "कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो. किती वर्षं खेटे घालणार?" ५०० रुपये भरले, पावती खिशात टाकली आणि विसरलो. नंतर कायद्याकडे वळलो, हा योगायोगच.

ज्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून जाणार होतो त्या मॅडमना विचारलं, "इतकं जुनं कोण उकरणार?" त्यांनी ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ पुढे सरकवला. कलम २४-अ: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर नावनोंदणी नाही, पण सुटकेला दोन वर्षं उलटली की ही अपात्रता संपते. मी सुस्कारा सोडला. "आता २६ वाच," म्हणाल्या. महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून नाव नोंदवलं असेल, तर बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांची देशपातळीवरची संस्था, ते वकिलांच्या पटावरून काढू शकते. त्याला दोन वर्षांची मुदतबिदत नाही. थोबाडीत मारल्याचं कायद्याने माफ केलं असतं, 'नाही' लिहिल्याचं केलं नसतं.

'होय' लिहिलं. मग निकालाची सही-शिक्क्याची नक्कल हवी. नक्कल विभागात अर्ज केला, केस नंबर नव्हता, फक्त वर्ष आठवत होतं. तिसऱ्या खेपेला कारकुनांनी बस्ता सोडला. माझं 'जजमेंट' म्हणजे एक छापील कागद, गाळलेल्या जागा शाईने भरलेल्या: आरोपीस गुन्हा कबूल, दंड रु. ५००, न भरल्यास सात दिवस साधी कैद. आडनावात एक अक्षर चुकलेलं. म्हणजे तो आरोपी मीच, हे सिद्ध करायला मीच आणखी एक प्रतिज्ञापत्र केलं! हसावं की रडावं कळेना.

नैतिक अधःपतन म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही. मॅडमनी १९९६चा पवन कुमार विरुद्ध हरियाणा राज्य हा निकाल काढून दिला. भादंवि कलम २९४ खाली २० रुपये दंड झालेल्या माणसाची नोकरी गेली होती; एवढ्यावरून नैतिक अधःपतन ठरत नाही म्हणत सर्वोच्च न्यायालयाने त्याला काढणं चूक ठरवलं. मी तो पाठच करून गेलो.

नावनोंदणी समितीच्या तिघांपैकी कुणीच त्याबद्दल विचारलं नाही. मधल्या सदस्यांनी नक्कल वाचली, चष्मा काढला. "मारलं होतं, की वकिलांनी सांगितलं म्हणून कबूल केलं?"

'वकिलांनी सांगितलं' हे अगदी ओठावर होतं. खोटंही नव्हतं.

"मारलं होतं, सर. पहिला हात माझाच होता."

"आणि केस कबूल करताना तुम्हाला कुणी प्रोबेशनबद्दल सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, १९५८ खाली समज देऊन सोडलं असतं, तर २४-अ मला लागूच झालं नसतं. त्याच कलमात तसं लिहिलंय. पहिलाच गुन्हा, जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा, मागता आलं असतं. त्या वकिलांनी एक वाक्य कोर्टापुढे टाकायचं राहून गेलं. तेव्हा मलाही मोकळं व्हायची घाई होतीच म्हणा.

काही आठवड्यांनी सनद मिळाली.

परवा एक मुलगा आला, कॉलेजातली मारामारी. त्याचे वडील म्हणाले, "साहेब, दंड काय असेल तो भरतो, कबूल करून टाकू." मी म्हटलं, थांबा, आणि प्रोबेशनचा अर्ज लिहायला घेतला.