तुम्ही विचारलंत म्हणून: २०२४ चे माझे सिनेमे

डिसेंबर लागला की कुणी ना कुणी विचारतंच, काय गं, यंदाचा सगळ्यात आवडलेला कुठला आणि अजिबात न आवडलेला कुठला. मी दरवेळी म्हणते थांबा जरा, वर्ष मुरू दे. लोकांना वाटतं मी टाळतेय. टाळत नसते हो, पण थिएटरमधून बाहेर पडताना जो सिनेमा भारी वाटतो तो सहा महिन्यांनी कधी कधी आठवतसुद्धा नाही, आणि ज्याच्याबद्दल बाहेर आल्यावर धड दोन वाक्यं बोलता आली नव्हती तो एखाद्या दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना अचानक समोर येऊन उभा राहतो. म्हणून २०२४ चं उत्तर आत्ता देतेय, आणि विचारलंतच आहे तर जरा सविस्तर देतेय.

एक आधी सांगते. मी सिनेमा कानाने लक्षात ठेवते. कुणाला फ्रेम आठवतात, कुणाला डायलॉग, मला आठवतं ते तिथे काय ऐकू येत होतं आणि कुठे सगळं शांत झालं होतं. त्यामुळे माझी आवडनिवडही तशीच आहे.

तर सगळ्यात आवडलेला: मेय्यळगन. तमिळ सिनेमा, २७ सप्टेंबर २०२४ ला आला, डायरेक्टर प्रेम कुमार, मुख्य भूमिकांत अरविंद स्वामी आणि कार्ती. मला तमिळ येत नाही, सबटायटल्स वाचत बघितला, तरी सांगते की इतकं नीट ऐकलेला सिनेमा दुसरा नाही त्या वर्षात. गोष्ट म्हटली तर एवढीशी. घराच्या भांडणात वडिलोपार्जित घर गेलं म्हणून तंजावर सोडून गेलेला एक माणूस वीसेक वर्षांनी बहिणीच्या लग्नासाठी परत येतो, एका रात्रीपुरता, तोंड दाखवून परत निघायचं असं ठरवून. तिथे एक नातेवाईक त्याला असा चिकटतो की विचारू नका, दादा दादा करत मागे मागे, जेवलास का, बस इथे, हे बघ, ते बघ. आणि ह्याची पंचाईत अशी की ह्याला त्या माणसाचं नावच आठवत नाहीये. विचारायची वेळ पहिल्या पाच मिनिटांतच निघून गेलेली असते, आता विचारणार कसं? आपल्या सगळ्यांचं झालेलं असतं हे कुठल्या ना कुठल्या लग्नात. पण तिथे आपण हसून वेळ मारून नेतो, आणि इथे तो माणूस रात्रभर ह्याच्यावर माया करत राहतो आणि ह्याच्या छातीवरचं ओझं वाढत जातं.

त्यातला लग्नाच्या स्टेजवरचा सीन मी किती जणांना सांगितला असेल. भाऊ बहिणीसाठी भेटवस्तू घेऊन वर जातो आणि ती नवरी, एवढी माणसं समोर असताना, तिथेच सगळं उघडून बघायला लागते. थांबायची तयारीच नाही तिची. मग तो खाली बसून तिच्या पायात पैंजण घालतो. बोलणं जवळजवळ नाहीच. इतकी वर्षं का आला नाहीस, हे ती विचारत नाही आणि तोही सांगत नाही. मी अक्षरशः हुंदके देऊन रडले, शेजारी बसलेली मुलगीही रडत होती, आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो.

आणि सायकल! ती माझ्याकडून ऐकू नका, बघाच. एवढंच सांगते की आपण मागे टाकून आलेली एखादी वस्तू दुसऱ्याच्या आयुष्यात काय होऊन बसली असेल ह्याचा आपल्याला पत्ताही नसतो, आणि ते कळल्यावर अरविंद स्वामीचा चेहरा जो होतो तेवढ्यासाठी तिकीट काढावं.

आता दुखऱ्या भागावर येते. रिलीजनंतर थोड्याच दिवसांत, फार लांबलाय अशी ओरड झाली म्हणून, सिनेमातली १८ मिनिटं कापली. मी बघितला तो कापलेला. मला कळतं की निर्मात्याचा पैसा असतो, थिएटरला शो बसवायचे असतात, पण दोन माणसं रात्रभर बोलतात हीच ज्या सिनेमाची गोष्ट आहे त्यातलं बोलणं कमी करायचं म्हणजे काय उरवायचं? लांबलाय म्हणणाऱ्यांशी मी अजूनही वाद घालते. कंटाळा आला असेल तर तो खरा आहे, मी नाही म्हणत नाही, पण घरी आलेला पाहुणा निघतो निघतो म्हणत दारात तासभर बोलतो तेव्हा त्यातलं कुठलं वाक्य जास्तीचं होतं हे सांगता येतं का?

न आवडलेला: कंगुवा. आणि हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय, कारण मेय्यळगन ज्या घरातून आला त्याच घराची आशा घेऊन मी गेले होते. मेय्यळगनचे निर्माते सूर्या आणि ज्योतिका, हे तमिळ सिनेमातलं नट-नटी जोडपं, कार्ती हा सूर्याचा सख्खा भाऊ, आणि दीड-पावणेदोन महिन्यांत, १४ नोव्हेंबरला, सूर्या स्वतः हिरो असलेला कंगुवा. सूर्या मला फार आवडतो, मेहनती माणूस आहे, त्या सिनेमातही त्याने जीव ओतलाय, दिसतं ते. पण पहिल्या अर्ध्या तासातच माझं डोकं भणभणायला लागलं. सगळे ओरडतात. आनंद झाला तरी ओरडतात, शपथ घेतात ती ओरडून, आणि मागे ढोल-ताशे-कोरस सगळं एकाच वेळी चालू, त्यामुळे नक्की कुठल्या प्रसंगाला महत्त्व द्यायचं तेच कळत नाही. एक मूल आणि एक योद्धा ह्यांच्यातल्या नात्याची गोष्ट आहे ती, मुळात चांगली गोष्ट आहे, दोन वाक्यं हळू आवाजात बोलू दिली असती तरी आत शिरली असती.

हे फक्त माझं मत नव्हतं बरं का. स्लमडॉग मिलियनेअरच्या साउंडसाठी ज्यांना ऑस्कर मिळालं त्या रसूल पूकुट्टींनी तेव्हा जाहीरपणे लिहिलं की आपले सिनेमे आवाजाच्या ह्या चढाओढीत अडकतात ह्याचं वाईट वाटतं, आणि शेवटच्या घटकेला घाबरून केलेल्या बदलांवरही त्यांनी बोट ठेवलं. मग निर्मात्यांनी थिएटरवाल्यांना सांगितलं, आवाज दोन पॉइंट कमी करा.

हे दोन पॉइंट म्हणजे काय ते सांगते, कारण कुणाला सांगितलं की सगळे चकित होतात. थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर ० ते १० असा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, असतो, आणि ७ हा ठरलेला आकडा. साउंडवाले स्टुडिओत ७ धरून मिक्सिंग करतात, थिएटरनेही ७ वरच लावायचा, म्हणजे डायरेक्टरने ऐकला तोच आवाज आपल्याला ऐकू यायला हवा. पण सिनेमा कर्कश आला की लोक तक्रार करतात, थिएटरवाला फेडर ५ वर आणतो आणि तिथेच ठेवतो. मग पुढचा निर्माता म्हणतो, आपला आवाज कमी येतोय, अजून चढवा. असं ते चढत जातं. ह्यात मरतो कोण तर मेय्यळगनसारखा सिनेमा, कारण ५ वर लावलेल्या फेडरमध्ये त्यातली रात्र, किडे, लांबून येणारी लग्नाची गाणी, काहीच नीट पोचत नाही. माझा कंगुवावरचा राग खरं तर हा आहे. तो वाईट जमला एवढ्यावर मी रागावले नसते, जमत नाही कधी कधी, त्यात गुन्हा नाही.

बाकी थोडक्यात.

पायल कपाडियांचा ऑल वी इमॅजिन ॲज लाइट. कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं, ३० वर्षांनी भारतीय सिनेमा मुख्य स्पर्धेत गेला होता, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. पण बक्षिसाचं जाऊ द्या. कनी कुसरुतीने केलेली प्रभा ही नर्स, नवरा जर्मनीत, फोनसुद्धा करत नाही, आणि एक दिवस कुणाचं नाव नसलेलं पार्सल येतं, त्यात जर्मनीत बनलेला राइस कुकर, लालभडक. रात्री सगळं निजल्यावर ती खाली बसते आणि त्या कुकरला मिठी मारते. मला तिथे श्वास घेता आला नाही. आणि मुंबई मागे पडून गोष्ट रत्नागिरीकडे जाते तेव्हा शहराची गाज एकदम थांबते ना, तेव्हा आपल्याला कळतं की तासभर आपणही किती आवाज सहन करत होतो. छाया कदमबद्दल वेगळं लिहीन, तिला दोन ओळींत उरकणं बरोबर नाही.

फ्लो. लाटवियाचा ॲनिमेशनपट, गिंट्स झिल्बालोडिसचा, ब्लेंडर ह्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला, आणि ऑस्करही मिळालं त्याला. एक काळं मांजर, चढत जाणारं पाणी, एक होडी आणि त्यात एकमेकांशी न पटणारे प्राणी. एक शब्द नाही संबंध सिनेमात! प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत, फक्त कॅपिबाराचा (भल्यामोठ्या उंदरासारखा प्राणी) खरा आवाज फार चिरका निघाला म्हणून तिथे उंटाच्या पिल्लाचा वापरलाय. घरात लहान मूल असेल तर सोबत बघा, आणि मधेमधे समजावून सांगू नका, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

जोकर: फोली आ दू बद्दलही विचारलंत. नाही आवडला. लोक म्हणाले गाणी आहेत म्हणून नाही आवडला, माझं उलट आहे. आपण गाण्यांच्या सिनेमावर वाढलेली माणसं, आपल्याला पक्कं माहीत असतं की बोलून संपलं आणि तरी आत काही उरलं की गाणं येतं. इथे गाणं येतं, संपतं, आणि माणूस आधी होता तिथेच उभा. पहिल्या भागात वाकिन फीनिक्स नुसता जिना उतरताना जे सांगून गेला होता तेवढंही ह्यातल्या एका गाण्याला जमलं नाही.

तर आता एकच निवड म्हणालात तर मेय्यळगन. पण रात्री बघा, दिवे घालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि सिनेमाचं नाव काय आहे ते शक्य असेल तर विसरून बघा, का ते शेवटी कळेल. आणि ती कापलेली १८ मिनिटं कुणी बघितली असतील तर मला सांगा ना, ते दोघं त्यात काय बोलत होते.